सेप लमलींच्या लीकचा खून

रविवार, २५ ऑगस्ट १९९६

हेस्टर म्हणते, मी फार बोलते. त्यातलं निम्मं वहीत लिहीत जा, म्हणजे गिऱ्हाइकांच्या कानांना जरा विश्रांती मिळेल, म्हणते. बरं बाई. ही वही, ही मी, थेल्मा रेन, वय सत्तावन्न, ग्रे हॉर्स पबची स्वयंपाकीण आणि एक तृतीयांश मालकीण.

बाकीचे दोन तृतीयांश म्हणजे हेस्टर स्टॉबर्ट आणि ऍल्विन टीसडेल. तिघं एका बाकावर शिकलो, एकाच बाईंच्या छड्या खाल्ल्या. खाण बंद पडली, मग माझ्या शाळेचं स्वयंपाकघर बंद पडलं, मग माझा नेड गेला. नेड गेल्यावर मी खिडकीपाशी त्याच्या खुर्चीत बसले ती बसलेच. आठ महिने. केससुद्धा विंचरत नव्हते. एक दिवस हे दोघं दार ढकलून आत आले आणि हेस्टर म्हणाली, "आम्ही ग्रे हॉर्स चालवायला घेतलाय. मटणाच्या पाई भाजायला कोणी नाही. ऊठ." मी उठले. याबद्दल मी त्यांना कधी आभार-बिभार म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही, डोक्यावर बसतील.

सध्या हार्लोप गावात एकच विषय, लीक. परक्या माणसाला वाटेल, काय ते एवढं, कांद्याचाच जाडजूड भाऊ. पण आमच्याकडे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पबात प्रदर्शन भरतं. प्रत्येकाने आपल्या दोन लीकची जोडी टेबलावर मांडायची, परीक्षक फितीने मोजणार, ज्याचे घन इंच जास्त तो राजा. सेप लमली बारा वर्षं राजा आहेत. अठ्ठ्याहत्तरीचे आहेत, नेडबरोबर खाणीत होते, आणि वाफ्यासमोर टोपी काढून उभे राहतात. चर्चमध्येसुद्धा काढत नाहीत.

आणि आमचा ऍल्विन? बारा वर्षं दुसरा. दर वर्षी टाळ्या वाजवतो, सेपना बिअर पाजतो, आणि घरी जाऊन दोन दिवस कोणाशी बोलत नाही. पण यंदा! मी आज पाहून आले. माझ्या दंडाएवढे जाड आहेत, आणि माझा दंड काही बारीक नाही. मी म्हटलं, "मेल्या, यंदा तूच." तर म्हणतो, "हळू बोल, त्यांना ऐकू येईल." त्यांना म्हणजे लीकला! पण डोळे कसे लकाकत होते त्याचे. देवा, यंदा एवढं त्याला दे. मी दुसरं काही मागत नाही.

बुधवार, २८ ऑगस्ट

हेस्टर बहिणीकडे डार्लिंग्टनला गेलीय, म्हणून आज बिअरच्या नळ्या मी धुतल्या. पहिल्यांदाच! एरवी ती मला तळघरात पाऊल टाकू देत नाही. ती पिंपाला नळ ठोकते तेव्हा एक घाव, दुसरा नाही, आणि थेंब सांडत नाही. साडेचार फुटांची बाई, पण तिच्यासमोर पिंपं शिस्तीत उभी राहतात असं वाटतं.

तिने कागदावर लिहून ठेवलं होतं. आधी नळ्यांत उरलेली बिअर बादलीत काढ. मग औषध सोड, अर्धा तास थांब, मग ते काढ, मग साधं पाणी. सगळं केलं. शाळेत तीनशे पोरांचा स्वयंपाक केलेली बाई मी, मला काय अवघड! एका कामाला दोन-दोन बादल्या मात्र मला खपत नाहीत. एकाच बादलीत सगळं आटोपलं आणि मागच्या दाराशी ठेवली. उरलीसुरली बिअर सेप आणि ऍल्विन आळीपाळीने नेतात, एक बुधवार याचा, एक त्याचा. लीकला बिअर फार मानवते म्हणे. आज सेपची पाळी होती. दुपारी हातगाडी घेऊन आले, झाकण उघडून बघितलं, "आज बरीच दिसते," म्हणाले. खूश झाले. मी म्हटलं, "माझ्या हाताला सढळपणा आहे." वास-बीस घ्यायचा प्रश्नच नाही, खाणीतल्या धुळीने त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलंय.

नळ असे स्वच्छ झालेत की आज बिअर चांदीसारखी पडत होती. हेस्टर आल्यावर बघेल आणि तोंडात बोट घालेल.

शनिवार, ३१ ऑगस्ट

ऍप्रनसुद्धा न सोडता लिहायला बसलेय.

आज शिक्क्यांचा दिवस. प्रदर्शनाआधी तीन आठवडे समिती घरोघर फिरते आणि प्रत्येकाच्या लीकच्या पानावर रबरी शिक्का मारते, म्हणजे शेवटच्या दिवशी कोणी दुसरीकडून आणून मांडायला नको. चिटणीस ऑस्विन डॉड शिक्का असा छातीशी धरून चालतो की जणू राणीने दिलाय. मी सगळ्यांसाठी चहाचा थर्मास घेऊन मागे.

ऍल्विनकडे शिक्का मारताना डॉड काही बोलला नाही, पण दोनदा वाकून बघितलं. ऍल्विनचे कान लाल. मग कुंपणापलीकडे सेपच्या वाफ्यावर गेलो.

सेप वाफ्याच्या कडेला बसले होते. टोपी हातात. लीक सगळेच्या सगळे पिवळे, मान टाकलेली, एक उपटून बघितला तर मुळं काळी, जळल्यासारखी. परवापर्यंत ठणठणीत होते! डॉडने शिक्का खिशात घातला आणि म्हणाला, "हे आजारपण नाही, सेप. कोणीतरी काहीतरी ओतलंय."

आणि मग सगळे, अगदी सगळे, कुंपणावरून ऍल्विनच्या वाफ्याकडे बघायला लागले. तिथे हिरवेगार, धष्टपुष्ट, नुकते शिक्के मारलेले.

ऍल्विन म्हणाला, "सेप, माझ्याकडे असं बघू नका." सेप म्हणाले, "मी कुठे बघतोय?" पण बघत होते. मला रडूच आलं. चहा कोणी प्यायला नाही, सगळा परत आणला.

रविवार, १ सप्टेंबर

आज भर दुपारी, पब गच्च भरलेला असताना, मी काउंटरवर चमचा आपटला आणि सांगितलं, "ज्याने हे पाप केलं त्याने या दारात पाऊल ठेवू नये. गावात तोंड दाखवू नये. मी असते तर बोचकं बांधून केव्हाच चालती झाले असते. आणि ऐकून ठेवा, आमच्या ऍल्विनने हे केलेलं नाही. खरा गुन्हेगार मी शोधून काढणार."

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. पडल्या नाहीत. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "झालं, आता गुन्हेगाराचं काही खरं नाही," आणि हशा पिकला. हसा लेको. टीव्हीवरचं प्रत्येक रहस्य मी शेवटच्या जाहिरातीच्या आत सोडवते. नेड म्हणायचा, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

हेस्टर काल संध्याकाळी परतली. आज सकाळी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता ती मध्येच म्हणाली, "थेल्मा, बुधवारी नळ्या धुतल्यास ना? ते औषधाचं पाणी कुठे ओतलंस?"

मी म्हटलं, "अगं, इथे खून पडलाय आणि तुला नळ्यांचं काय पडलंय? धुतल्या छान. एका बादलीत काम केलं, जरासुद्धा पसारा नाही. नळ बघ कसे झालेत!"

ती बघतच राहिली माझ्याकडे. पांढरीफटक पडली. प्रवासात काहीतरी शिळंपाकं खाल्लं असणार, बहिणीच्या घरी मासे कधी ताजे नसतात. मी म्हटलं, बस, लिंबू-पाणी देते. तर उठून तिनेच मला चहा करून दिला आणि डोक्यावरून हात फिरवला. हेस्टरने! जी नेडच्या अंत्यविधीलासुद्धा माझ्याशी नुसतं हस्तांदोलन करून मोकळी झाली होती. मग ऍल्विनला हाक मारून तळघरात घेऊन गेली. बराच वेळ दोघं खाली होते. वर आला तेव्हा ऍल्विनचा चेहरा उतरलेला होता. बिचारी, तिने त्याला धीर दिला असणार. अशी मैत्रीण लाखात एक.

जाता जाता म्हणाली, यापुढे नळ्या मीच धुईन, तुझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. गुडघे माझे उत्तम आहेत, पण तिच्या मायेपुढे काय बोलणार.

गुरुवार, ५ सप्टेंबर

तपासाने आज मोठी उडी मारली!

सेपच्या वाफ्यातली माती जॅमच्या बाटलीत भरून मी आमच्या शाळेच्या जुन्या रसायनवाल्या मिस फेदरस्टोनकडे नेली. त्यांनी मातीच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, ती गर्द निळी झाली. म्हणाल्या, "हा जबरदस्त क्षार आहे. तुंबलेली मोरी, ओव्हनमधली जळकी चरबी, असलं साफ करायला वापरतात तसलं काहीतरी."

म्हणजे गुन्हेगाराकडे साफसफाईचं जहाल औषध आहे. आता गावात असं औषध कोणाकडे असतं? मी यादी केली. १) धोबीखान्यातली बाई. पण तिला लीक आणि पालक यातला फरक कळत नाही. २) समोरच्या वर्किंगमेन्स क्लबचा, म्हणजे कामगारांच्या बिअर-क्लबचा, व्यवस्थापक पर्सी गॉफ. त्याच्याकडे मोठा ओव्हन आहे, आणि आमचं प्रदर्शन त्याच्या हॉलमध्ये पळवायला तो कधीचा टपलाय! सेपचे लीक मेले, आळ ऍल्विनवर आला, आमचा पब बदनाम झाला, प्रदर्शन गेलं समोर. किती सरळ आहे!

यादी हेस्टरला वाचून दाखवली. ती ग्लास पुसत होती, तो हातातून निसटून फुटला. "यादीत आणखी कोणी?" म्हणाली. मी म्हटलं, "आणखी कोण असणार?" ती म्हणाली, "नाही, कोणी नाही. थेल्मा, तू जरा आराम कर ना."

आराम! आत्ता कुठे सुगावा लागलाय.

सोमवार, ९ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि माझ्याकडे शब्द नाहीत असं मी आयुष्यात दुसऱ्यांदा म्हणतेय.

सकाळी डॉड आला. समिती काल बसली होती. त्याला विचारायचं होतं, सेप जी बादली नेतात ती पबात भरतं कोण, कोणाकोणाचा हात लागतो. मी तोंड उघडणार तोच ऍल्विन मध्ये आला. "डॉड, कोणाला विचारायची गरज नाही. मी तुला चिठ्ठी देणारच होतो," म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

डॉडने तो मोठ्याने वाचला. "सेप लमली यांच्या लीकचं नुकसान माझ्यामुळे झालं. मला पश्चात्ताप आहे. ऍ. टीसडेल."

मी ओरडले, "खोटं! साफ खोटं!" ऍल्विन माझ्याकडे न बघता म्हणाला, "थेल्मा, प्लीज. ओव्हनमध्ये पाई जळतायत." खरंच जळत होत्या. मी बघून येईपर्यंत सगळं आटपलं होतं. नियम असा की दुसऱ्याच्या लीकला धक्का लावणारा जन्मभर बाद. यंदाही त्याची जोडी टेबलावर येणार नाही. बारा वर्षं दुसरा आलेला माणूस, ज्या वर्षी पहिला येणार त्या वर्षी बाद.

डॉड गेल्यावर मी त्याच्या अंगावर धावून गेले. "का? का लिहिलंस असं?" तर म्हणतो, "सुटलो एकदाचा. लीकची कटकट मिटली." आणि हसला. हा माणूस आजवर कधी नीट खोटं बोलू शकलेला नाही. शाळेत खिडकी फोडली होती हेस्टरने, छडी खाल्ली याने, तेव्हाही असाच हसला होता.

गुरुवार, १२ सप्टेंबर

तो कोणालातरी पाठीशी घालतोय. हे मला पहाटे चहा करताना एकदम कळलं.

आणि मग, मला लिहायचीही लाज वाटते, पण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. मला हेस्टरचा संशय आला. माझ्या हेस्टरचा! ग्लास फोडते, तळघरात कुजबुजते, नवी बादली आणून तिच्यावर लाल रंगाने ही एवढी मोठी फुली काय काढते. ऍल्विन जिंकावा म्हणून तिने केलं असेल तर?

दुपारी भांडी घासताना सरळ विचारलं. "हेस्टर, तू केलंस का?"

ती आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. म्हणाली, "मी हो म्हटलं तर गप्प बसशील? शोध थांबवशील?"

मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?"

"मग हो."

"मग कसं केलंस ते सांग."

तिला सांगता येईना. मी म्हटलं, बघ, तू डार्लिंग्टनला होतीस, तुला कसं शक्य आहे? त्यावर ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "थेल्मा, तू एवढी हुशार नसतीस तर किती बरं झालं असतं." स्तुतीच आहे ही, पण कोणत्या सुरात घ्यावी कळलं नाही. तिची मात्र मनातल्या मनात माफी मागितली. मित्रासाठी गुन्हा अंगावर घ्यायला निघाली होती, वेडी.

सोमवार, १६ सप्टेंबर

ऍल्विनने भरलेला ग्लास कोणी घेत नाही. नावं घेऊन लिहिणार नाही, पण ज्यांच्या पोरांना त्याने सायकल चालवायला शिकवलं तेसुद्धा. "हेस्टर भरेल तेव्हा घेईन," म्हणतात. डार्ट्सच्या संघातून काढलं. सेप तर त्या दिवसापासून पबातच आलेले नाहीत. ऍल्विन सगळा दिवस तळघरात नाहीतर मागच्या अंगणात खोकी रचत असतो. रचलेली पुन्हा रचतो.

आज त्याला जेवायला नेऊन दिलं. म्हटलं, "फक्त शनिवारपर्यंत थांब. तुझं नाव मी धुऊन काढते की नाही बघ."

त्याने काटा खाली ठेवला. "थेल्मा, तू माझं ऐकशील? हे सोड. माझं काही अडलेलं नाही. लोक विसरतील."

"तुझं नाव आहे ते!"

"आहे ना. मग त्याचं काय करायचं ते मी बघेन."

त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी तिथून उठून आले आणि शीतपेटीच्या मागे उभी राहून रडले. पबाआधी हा माणूस साधा टपाल वाटायचा. पण मी पाहिलेल्या सगळ्या मोठ्या माणसांत मोठा. म्हणून तर सोडणार नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

तयारी झाली. उद्या बक्षिसांच्या आधी सगळे जमलेले असतील, पर्सी गॉफलाही मुद्दाम सूप प्यायला बोलावलंय. सेपना घरी जाऊन हातापाया पडून यायचं कबूल करून घेतलं. टीव्हीवर करतात तसंच करणार. सगळ्यांना बसवायचं, पहिल्यापासून एकेक सांगत जायचं, आणि शेवटी बोट दाखवायचं. निळा स्वेटर घालीन.

शनिवार, २१ सप्टेंबर

झालं ते क्रमाने लिहिते. घाई नाही.

परीक्षकाचं काम बारापर्यंत आटोपलं. पहिला कोण ते डॉडच्या वहीत होतं, दोनला जाहीर व्हायचं होतं. सगळे लीकच्या सुपाचे वाडगे घेऊन बसले होते. ऍल्विन दाराशी, अर्धा आत अर्धा बाहेर. हेस्टर काउंटरमागे. सेप खिडकीपाशी, कोणाकडे न बघता. मी चमचा आपटला.

"मंडळी," मी म्हटलं, "ऍल्विन टीसडेल निर्दोष आहे आणि मी ते सिद्ध करणार आहे."

हेस्टर म्हणाली, "थेल्मा, नको." पण माझी गाडी सुटली होती. मातीचं सांगितलं, निळ्या पट्टीचं सांगितलं. "हे विष म्हणजे मोऱ्या आणि ओव्हन धुवायचं औषध. एका रात्री गुन्हेगार सेपच्या वाफ्यात शिरला..."

"कोणी शिरलं नाही," सेप म्हणाले.

"म्हणजे?"

"ऑगस्टभर मी वाफ्यापाशीच झोपत होतो, खुर्ची टाकून. मांजर शिरलं नाही. त्या आठवड्यात माझ्या हाताशिवाय त्या मातीला कोणाचा हात लागला नाही, आणि मी घातलं ते फक्त बुधवारचं. तुमच्या बादलीतलं."

"हां!" मी म्हटलं, कारण मला वाटलं माझा मुद्दा आणखी पक्का झाला. "म्हणजे त्याने बादलीत मिसळलं! आता ही बादली कोणाच्या हातात होती ते बघू. ती भरली मी. स्वतः. नळ्यांतली बिअर काढली, ती बादलीत. मग औषध सोडलं, अर्धा तास थांबले, मग ते काढलं ते..."

ते वाक्य मी पुरं केलं नाही.

हेस्टरकडे पाहिलं. तिने तोंडावर हात धरला होता. ऍल्विनकडे पाहिलं. तो टोपी घालून सरळ आत आला, मधोमध उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी केलंय. मी लिहून दिलंय. पुरे झालं, सूप गार होतंय."

"ऍल्विन, बस खाली," मी म्हटलं.

"थेल्मा..."

"बस म्हटलं ना!"

तो बसला. मी सगळ्यांसमोर सांगितलं. एकाच बादलीत सगळं काढलं, औषधसुद्धा, आणि झाकण लावून सेपच्या हाती दिलं. वर सढळ हाताची फुशारकी मारली. हे दोघं जवळजवळ तीन आठवडे जाणत होते. ज्याने केलं त्याने तोंड दाखवू नये असं मी या काउंटरवरून ओरडले होते, म्हणून यांनी मला सांगितलं नाही. मी ऍप्रन सोडला आणि काउंटरवर ठेवला.

सेप उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता थुंकतील, आणि थुंकले असते तर बरोबरच होतं.

"बारा वर्षांत एवढा हिरवा वाफा नव्हता माझा," ते म्हणाले. "तीन आठवडे मला अन्न गोड लागलेलं नाही."

"मी जाते गाव सोडून," मी म्हटलं.

"कुठे जातेस? चाळीस वर्षं तुझं तोंड बघतोय, आता सवय झालीय. त्याच दिवशी कळलं असतं तर चार शिव्या हासडल्या असत्या आणि विषय संपला असता." मग ते ऍल्विनकडे वळले. "पण याला मी शेजारी असून हाक मारली नाही. ते तुझ्या बादलीपेक्षा वाईट. डॉड, फीत काढ. चला याच्या वाफ्यावर. शिक्के आहेत ना? मोजा."

खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. पर्सी गॉफसुद्धा. ऍल्विन मात्र जागचा हलला नाही.

"वाफा रिकामा आहे, सेप," तो म्हणाला.

"रिकामा? मग लीक कुठे गेले?"

ऍल्विन डॉडच्या हातातल्या वाडग्याकडे बघत होता. मग हेस्टरने बघितलं, मग सगळ्यांनी, आपापल्या वाडग्याकडे. सकाळी तो मला दोन टोपल्या लीक देऊन गेला होता, धुऊन, बारीक चिरून, एक तुकडासुद्धा ओळखू येऊ नये असं. मी म्हटलं होतं, किती पांढरंशुभ्र रे, कुठून आणलंस? तर म्हणाला, पडलं होतं घरात. आणि मी ते लोण्यात परतून, मिठाचा अंदाज घेत, साठ माणसांत वाटलं होतं.

सेपनी स्वतःचा वाडगा उचलला. उभ्यानेच प्यायले, सावकाश, शेवटचा घोट घेईपर्यंत. वाडगा ठेवला.

"लिही, डॉड. पहिला, टीसडेल."

डॉड चाचरला. "पण मोजल्याशिवाय? नियम..."

"कुंपणावरून रोज मोजत होतो मी. माझे मेले नसते तरी यंदा मी हरणार होतो, आणि मला ते ऑगस्टमध्येच कळलं होतं. लिही म्हणतो ना."

डॉडने परीक्षकाकडे पाहिलं. परीक्षक नॉर्दम्बरलंडचा, अनोळखी माणूस. त्याने आपल्या वाडग्यात पाव फिरवला आणि मान डोलावली. ज्याचं नाव पहिलं म्हणून लिहिलेलं होतं त्या माणसानेच डॉडला पेन दिलं. डॉडने लिहिलं. मी या डोळ्यांनी पाहिलं.

टाळ्या चालू असताना ऍल्विन तिथे नव्हता. मागे जाऊन बघितलं तर बाह्या सारून वाडगे घासत होता, नाक लाल. मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

"का रे केलंस?" मी म्हटलं. "सांगायचं ना मला. मी काय मेले असते?"

तो घासतच राहिला. "त्या हिवाळ्यात आम्ही दोघं रोज तुझ्या खिडकीवरून जायचो," तो म्हणाला. "तू खुर्चीत बसलेली असायचीस. आम्ही हात हलवायचो, तुला दिसायचं नाही. आठ महिने, थेल्मा. हेस्टर म्हणाली, पुन्हा बसली तर या खेपेला उठायची नाही." मग म्हणाला, "लीक काय, दर वर्षी लावता येतं."

आणि पुसायला म्हणून एक वाडगा माझ्या हातात दिला. मी पुसला. दुसरा दिला, तोही पुसला. बाहेरून हेस्टर ओरडत होती की काउंटरवर रांग लागलीय आणि सगळ्यांना ऍल्विनच्याच हातची बिअर हवीय, पण आम्ही साठच्या साठ वाडगे संपेपर्यंत बाहेर गेलो नाही.